सावलीचा रकाना

अंदाजपत्रकात सावलीला रकाना नव्हता.
पेव्हर ब्लॉकला होता, चौरस मीटरच्या दराने,
कंपाऊंडला होता, गेटवरच्या कमानीला होता,
भिंतीवर रंगवायच्या डॉल्फिनलाही होता.
(जिंतूरपासून समुद्र किती लांब, ते आमच्या चौथीला विचारा.)
"मॅडम, मोजता येतं तेवढंच लिहा,"
इंजिनिअर म्हणाले आणि हेल्मेट घातलं.

मोजता येत नाही असं नाही.
पायल राठोड रोज मोजते.
प्रार्थनेला हौदापर्यंत,
छोट्या सुट्टीत तिसऱ्या फरशीवर,
बाराला भिंतीच्या बुडाशी एक वीत;
तिच्यात दप्तरं मावतात, पोरं नाही.
खडूने रेघ ओढते, शेजारी वेळ टाकते,
आणि रेघेमागे आमचा वर्ग सरकत राहतो.
फळा उन्हातच.

लोकवाटा दहा टक्के, असं पत्र आलं.
रेशन दुकानाच्या ओट्यावर सभा.
बराच वेळ सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते.
मग निजाम टेलर म्हणाले, "शंभर लिहा.
पन्नास आत्ता, पन्नास गणवेशाच्या शिलाईतून कापा."
चाकणहून विष्णूने पाचशे एक टाकले,
सोबत अंगठ्याचं चित्र.
बोरवाल्या गुट्टेंनी अर्धा दिवस मशीन.
कौसाबाई खिचडी शिजवतात, मानधन चार महिने थकलेलं.
वहीकडे बघत राहिल्या.
"पैशे न्हाईत बाई माझ्याकडं.
तांदूळ धुतल्यालं पाणी लिहा. रोजच्या तीन घागरी.
वायाच चाललंय की ते."
मी लिहिलं. रुपयांच्याच रकान्यात.
बेरीज चुकली, चुकू दिली.

मंजुरी आली अठ्ठावीस मार्चला.
एकतीसपर्यंत खर्च पडला पाहिजे, नाहीतर रक्कम परत.
अठ्ठावीस मार्च!
काळी जमीन भेगाळून हात जाईल इतकी,
शाळा सकाळची, टँकर दिवसाआड.
"रोपं लावा, फोटो टाका," केंद्रप्रमुख फोनवर,
"जगली तर जगली."

रोपं घेतली नाहीत.
टाकी घेतली, नळ्या घेतल्या,
बसायला दगड घेतले, खदानीतले, ओबडधोबड,
आणि चाळीस खड्डे.
फोटोत नुसते खड्डे.
गावात महिनाभर एकच विषय:
"मॅडमनी तीन लाखाचे खड्डे घेतले म्हणं."

पोरं उन्हाळाभर त्या खड्ड्यांत बसून वाचत होती.
तीन फूट खाली माती पाठीला गार लागते,
हे कुठल्या धड्यात नाही.
घनफळ त्यांना त्याच वर्षी कळलं.

रोपं लागली आषाढात. करंज, शिरीष, बहावा, एक बोर.
सतरा शेळ्यांनी खाल्ली
(त्यातली एक शेळी खुद्द टेलरची),
तीन क्रिकेटमध्ये गेली,
एक का गेलं ते कळलंच नाही. पाणी रोज होतं त्याला.
उरली एकोणीस.

तिसऱ्या वर्षी एप्रिलात ऑडिटचे साहेब आले.
खुर्ची करंजाखाली, फाईल मांडीवर.
"तीन लाखात एवढंच?"
मग पान उलटून, "तांदूळ धुतलेलं पाणी म्हणजे काय?
आणि ही बेरीज?"
मी सांगत होते, ते लाल शाईने गोल करत होते.
अकरा ते एक, या दोन तासांत
त्यांनी खुर्ची चारदा सरकवली,
एकदाही वर न बघता.

पायल आता सातवीत.
खुर्ची हलली की ती मागून यायची,
चिमूटभर फक्की घेऊन,
जिथे आधी पाय होते तिथे चार ठिपके टाकायची
आणि काडीने मातीत वेळ.
साहेबांना वाटलं, मैदान आखायलेत पोरं.

जीप गेल्यावर कौसाबाई घागर घेऊन आल्या,
ठिपके पायाखाली येऊ नयेत म्हणून
वळसा घालून, तिरक्या चालीने,
अर्धं पाणी त्या वळणातच सांडत.